एकच रात्र आहे: ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ बघायचा की ‘एंडगेम’?

शुक्रवारी हिंजवडीहून कोथरूडला पोचेपर्यंत आठ वाजतात. जेवणं उरकून नऊला पिक्चर लावला, तर ‘एक्स-मेन: डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ (२०१४) सव्वाअकराच्या आत संपतो; ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ (२०१९) थेट बारा वाजवतो. शिवाय आधीचा ‘इन्फिनिटी वॉर’ पाहिलेला नसेल, तर ‘एंडगेम’मधलं बरंचसं डोक्यावरून जातं.

माझं मत ‘एक्स-मेन’ला, आणि ते नुसत्या वेळेमुळे नाही. दोन्ही पिक्चर कालप्रवासाचे. ‘एक्स-मेन’मध्ये नायक वुल्व्हरिनचं शरीर उद्ध्वस्त २०२३ मध्येच पडून असतं, फक्त मन १९७३ मधल्या त्याच्या तरुण शरीरात जातं. म्युटंटांना, म्हणजे जन्मजात अचाट शक्ती असलेल्या माणसांना, वेचून मारणाऱ्या सेंटिनेल यंत्रांचं मूळ एका खुनात आहे. रूप बदलू शकणारी म्युटंट मिस्टिक या यंत्रांच्या निर्मात्याला, ट्रास्कला मारते. त्यातून भीती पसरते आणि पकडलेल्या मिस्टिकवरच प्रयोग करून ही यंत्रं अजिंक्य केली जातात. म्हणजे वाचवायचं कुणाला, तर शत्रूला! ते काम मारामारीने होत नाही, एकेकाचं मन वळवावं लागतं. त्यात ज्याची मदत हवी तो म्युटंटांचा नेता, तरुण चार्ल्स खचलेला. चालता यावं म्हणून तो औषध टोचून घेतो आणि त्यापायी मनं वाचायची शक्ती घालवून बसतो. पुढे वुल्व्हरिनच्या मनातून जेम्स मॅकअव्हॉयचा चार्ल्स पॅट्रिक स्टुअर्टच्या म्हाताऱ्या चार्ल्सला भेटतो. सुपरहिरोपटात इतकं आतून हलवणारं मी फार थोडं पाहिलंय. पेंटॅगॉनच्या स्वयंपाकघरात अफाट वेगाने धावणारा क्विकसिल्व्हर कानाला हेडफोन लावून भिंतीवरून धावतो आणि हवेतल्या गोळ्या बोटाने बाजूला सारतो, तो प्रसंग तर पोरं मागे नेऊन पुन्हा बघतात.

‘एंडगेम’मध्ये कालप्रवासाचा नियमच वेगळा. भूतकाळात काहीही बदललं तरी आपला वर्तमान तसाच राहतो, म्हणून नाहीशी झालेली निम्मी सृष्टी परत आणायला तिथून अचाट शक्तीची रत्नं गोळा करून आणायची असतात. भविष्य पुसलं जाईल ही धाकधूक त्यात नाही. पण २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून जे सोबत आहेत, त्यांना १९७० मध्ये टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, वडिलांना भेटतो तेव्हा भरून येतं. असं कुणी घरात असेल, तर बिनधास्त ‘एंडगेम’ लावा, शनिवारी उशिरा उठा.

लहान मुलं असतील तर ‘एक्स-मेन’ची सुरुवात जरा जपून, सेंटिनेल तिथे फार क्रूरपणे मारतात. आणि ‘रोग कट’ नावाची १७ मिनिटांनी लांब आवृत्ती दिसली, तरी पहिल्यांदा साधीच बघा. तिचा वेग जास्त नेमका आहे.