हातांवरचे राहून गेलेले डाग दाखवणारी काळी पेटी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचे काम पाहणारी परिचारिका म्हणून मी गेले आठ महिने हात धुण्याच्या प्रशिक्षणाचा एक संच वापरत आहे. चमकणाऱ्या लोशनच्या दोन बाटल्या, अतिनील प्रकाशाची एक विजेरी आणि आत हात घालून पाहता येईल अशी काळी पेटी, एवढेच त्यात येते. लोशन हातांना सगळीकडे चोळायचे, नेहमीच्या सवयीने साबणाने हात धुवायचे आणि मग ते पेटीत धरायचे. जिथे धुणे नीट झालेले नसते तिथे निळसर पांढरे डाग उजळून दिसतात.

पहिल्याच दिवशी मेडिसिन वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर आल्या. बावीस वर्षांची नोकरी झालेल्या या बाईंनी चांगले मिनिटभर हात धुतले आणि तळहात खरोखरच स्वच्छ निघाले, पण दोन्ही अंगठ्यांची मुळे, नखांच्या कडा आणि अंगठीभोवतीचे वर्तुळ लख्ख चमकत होते. त्या काही बोलल्या नाहीत. अंगठी काढून त्यांनी खिशात ठेवली, पुन्हा बेसिनकडे गेल्या आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोन विद्यार्थिनींना व वॉर्डातल्या मावशींना स्वतःच घेऊन आल्या. मनगटातल्या बांगड्यांचा विषय आमच्याकडे नाजूक असतो आणि तो मी परिपत्रकातून कधीच सोडवू शकले नव्हते. बांगड्यांच्या मधोमध अडकलेले लोशन डोळ्यांनी दिसल्यावर मात्र ड्युटीपुरत्या त्या काढून ठेवायला बहुतेक जणी आपणहून तयार झाल्या.

परिचारिकांना नियम माहीत नसतात असे नाही, पण नुसते सांगून सवय बदलत नाही. व्हिएन्नात डॉक्टर सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये क्लोरिनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केल्यावर बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, तरीही त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना ते पटले नाही. त्याउलट जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात 1994 ते 1997 या काळात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण 48 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात होणारे संसर्गही कमी झाले. तिथे खाटेजवळ हँडरब, म्हणजे हातांवर चोळायचे अल्कोहोलयुक्त द्रावण, ठेवला होता, भिंतीवर चित्रफलक होते आणि कर्मचाऱ्यांना त्यांच्याच निरीक्षणाचे आकडे वेळोवेळी दाखवले जात होते. आपलेच काम आपल्याला दिसणे हा जो त्यातला भाग आहे, तो ही पेटी फार चांगला पार पाडते, आणि कुणाला चारचौघांत न बोलता.

तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगायला हवी. हात कसे धुतले हे ती दाखवते, केव्हा धुतले हे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा म्हणजे रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, रक्त वा अन्य शरीरद्रवांशी संपर्काचा धोका आल्यानंतर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. माझ्या वॉर्डांत सगळ्यात जास्त चुकते ती शेवटची: शिरेतून औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपाचे बटण दाबून किंवा खाटेचा कठडा सरकवून सिस्टर तशीच पुढच्या खाटेकडे जाते. त्यासाठी कागद-पेन घेऊन वॉर्डात उभे राहून पाहण्याला पर्याय नाही. दुसरे म्हणजे, चमकते ते लोशन असते, जंतू नव्हेत. हे सुरुवातीलाच सांगितले नाही तर शास्त्राच्या नावाखाली आपणच चुकीची समजूत पसरवतो.

वापरातल्या काही अडचणीही आहेत. सतत धुऊन भेगा पडलेल्या हातांत लोशन अडकून राहते, त्यामुळे व्यवस्थित हात धुणारी सिस्टरही चुकल्यासारखी दिसते आणि नाउमेद होते. अशा वेळी मी डागांपेक्षा तिच्या त्वचेची काळजी आधी घेते. सोबतचे माहितीपत्रक केवळ इंग्रजीत आहे, म्हणून मावशी आणि मामांसाठी मला मराठीत पान तयार करावे लागले. एका बाटलीचा पंप तिसऱ्या महिन्यात अडकला आणि नवे लोशन यायला पाच आठवडे गेले.

ज्या रुग्णालयात खाटेजवळ हँडरबच नाही, त्यांनी आधी त्यावर पैसे खर्च करावेत. हँडरब चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात, साबण-पाण्याने धुवायला 40 ते 60. एका सिस्टरकडे तीस रुग्ण असताना आणि बेसिन वॉर्डाच्या टोकाला असताना हा फरक फार मोठा ठरतो. हात उघड मळलेले असतील किंवा जुलाब पसरवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूची शंका असेल तर मात्र साबण-पाणीच हवे. हँडरबची सोय झालेली असेल, तर हा संच मी निःसंकोच घ्यायला सांगेन.

आमची विजेरी सध्या शस्त्रक्रिया वॉर्डात आहे. तिथल्या सिस्टरनी ती स्वतःहून मागून घेतली असून, ड्रेसिंग ट्रॉलीच्या दांड्याला लोशनचा छोटा ठिपका लावून, सफाईनंतर तो पुसला गेला का, हे त्या रोज सकाळी तपासतात.