जुन्या सुरीचा घडीचा चाकू: एक पावसाळा काढल्यानंतर

घरात कार्बन स्टीलची जुनी सुरी होती, पातं उत्तम पण मूठ पार कुजलेली. तिचा घडीचा चाकू करून घेतला आणि मे महिन्यापासून बागेत तो रोज खिशात असतो. पात्याबद्दल तक्रारीला जागाच नाही. खरी परीक्षा होते ती सांध्याची आणि लाकडाची.

रचना जपानमधल्या मिकी शहरातल्या हिगोनोकामी चाकूसारखी आहे, स्प्रिंग नाही की लॉक नाही. पातं उघडलं की मागचं शेपूट मुठीच्या पाठीवर टेकतं आणि तळहाताखाली दाबलं जातं. कापताना जोर उघडण्याच्या दिशेनेच पडतो, त्यामुळे केळीची पानं, सुंभ, कोवळ्या फांद्या बिनधास्त कापतो. टोकाने टोचायला किंवा उकरायला मात्र घेऊ नका, पातं बोटांवर मिटेल. तसली कामं असतील तर ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूंना असतं तसं, उघडलेलं पातं अडकवून ठेवणारं कडं हवं. त्यांनी ते १९५५ मध्ये आणलं.

करताना अवघड काम एकच, भोक पाडणं. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या पोलादावर साधा ड्रिल बिट नुसता घासत राहतो. कार्बाइडचा बिट, कमी वेग, तेल आणि धारेवर ओलं फडकं, एवढं हवंच. पातं २०० अंशांच्या पुढे तापत गेलं की पाणी उतरू लागतं, म्हणजे पोलाद मऊ पडतं. निळा रंग धारेपर्यंत पोचला तर धार टिकणार नाही.

जुलैत सागवानी मूठ फुगली आणि चाकू उघडायला दोन्ही हातांचा जोर लागू लागला. सांध्याला रिव्हेट न ठोकता ४ मिमीचा बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप सैल न होणारा) बसवला होता, म्हणून निभावलं. नट जरासा सैल केला, ऑक्टोबरच्या उन्हात परत आवळला. कोकणातल्या हवेत रिव्हेट कुणी सुचवला तरी ऐकू नका. पितळी वॉशर हिरवे पडतात, पण पुसले की झालं.

कैरीने पातं काळसर झालंय, ते मला आवडतं. फणसाने मात्र दमवलं. चीक मुठीच्या खाचेत शिरून वाळतो आणि पातं आतच चिकटून बसतं. खोबरेल तेलाचे थेंब सोडून काडीला चिंधी गुंडाळून आत फिरवावी लागते, तीही त्याच दिवशी. मुठीची पाठ मी बंद ठेवली आहे. पुढच्या चाकूला दोन पितळी पिना घालून ती उघडी ठेवणार, म्हणजे चीक आरपार काढता येईल.