बार्शीच्या माळावर सीताफळ: गावरान की गोल्डन?

नवीन बाग लावणाऱ्याची पहिली पसंती हल्ली ‘एनएमके-१ गोल्डन’. नवनाथ कसपटे यांनी बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्यात निवडीतून काढलेला हा वाण. गर भरपूर, बिया कमी आणि फळ टिकाऊ, म्हणून दूरच्या बाजाराला चालतं. गावरान फळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंदावल्या, की दोन-तीन दिवसांत ते हातात फुटतं. पुण्याला पाठवायचं तर जीव टांगणीला. पैशाच्या हिशेबात गोल्डन सरस, यात वाद नाही.

पण गावरानाचं बलस्थान वेगळं आहे. सीताफळाच्या फुलात स्त्रीकेसर आधी तयार होतो, पराग नंतर सुटतात. त्यामुळे छोटे भुंगेरे एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेतात आणि बियांपासून उगवलेलं प्रत्येक झाड वेगळं निघतं. कुणी लवकर पिकतं, कुणी मुरमाड बांधावर पावसाने ओढ दिली तरी तग धरतं. कलमी बागेत मात्र हजार झाडं म्हणजे जनुकांनी एकच झाड. एखादा रोग त्या एकावर पडला, तर सगळ्या बागेवर संकट.

शिवाय गोल्डनचं डोळा-कलम (फांदीवरचा डोळा काढून दुसऱ्या रोपावर बसवणं) बसतं ते बहुधा गावरान खुंटावरच, म्हणजे बियांपासून वाढवलेल्या गावरान रोपावर! म्हणून बागेत गोल्डन लावा, पण बांधावरची जुनी झाडं कृपा करून तोडू नका. त्यातली उन्हाळा सोसून दरवर्षी भरणारी झाडं हेरा, खूण करा आणि खुंटासाठी बी त्यांचंच धरा.