गॅरेजबँड की रीपर? खान्देशात बसून बँड रेकॉर्ड करणाऱ्यासाठी

दोन्ही संगणकावर गाणी रेकॉर्ड करायचे प्रोग्रॅम. घरात मॅक किंवा आयपॅड आधीच असेल तर गॅरेजबँड. विंडोज लॅपटॉप असेल तर रीपर. निव्वळ गॅरेजबँडच्या हौसेपायी मॅक घ्यायच्या भानगडीत पडू नका. घाईत असाल तर एवढं पुरे. बाकीच्यांसाठी पुढे सविस्तर.

गॅरेजबँड ॲपलनं २००४ मध्ये आणलं. फुकट आहे, पण विंडोज आणि अँड्रॉइडवर चालत नाही. गिटार जोडा, ॲम्प निवडा, वाजवा. मॅकवर २०१३ पासून त्यात ‘ड्रमर’ही आहे, म्हणजे आपोआप ड्रम वाजवणारी सोय, आणि खान्देशातल्या बँडला त्याचा भलताच उपयोग. लगीनसराईत आमचा ड्रमर वरातीच्या बँडमध्ये वाजवतो. फोन केला की ठरलेलं उत्तर, “आज लगनतीथ शे भो!” अशा वेळी सॉफ्टवेअरमधल्या ड्रमरवर सराव निभावतो. ध्रुवपद, कडवं वेगळं वाजवायला सांगता येतं, जोर कमी-जास्त करता येतो. रॉकचा ठेका झकास. कानबाईच्या गाण्याची ढोलकी मात्र स्वतःच वाजवा.

रीपर म्हणजे विनॅम्प हा गाणी वाजवायचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं काम. ६० दिवस सगळं खुलं, नंतर वैयक्तिक परवान्याचे ६० डॉलर. जुन्या लॅपटॉपवरही तक्रार न करता चालतं. पण तयार वाद्यं, लूप (पुन्हापुन्हा वाजवायचे तयार तुकडे) असलं फारसं काही सोबत येत नाही. पहिला आठवडा मेनू धुंडाळण्यात जातो, आणि ते मेनू काही देखणे नाहीत.

विंडोजवर खरी डोकेदुखी उशिराची. तार छेडली आणि आवाज मागाहून आला, की ताल गेलाच. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) बफर, म्हणजे एका वेळी साठवायचे नमुने, १०२४ ठेवला तर फक्त बफरमुळे सुमारे २१ मिलिसेकंद जातात, म्हणजे ॲम्प सात मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखं. १२८ वर आणलं की तीनपेक्षा कमी. त्यासाठी ऑडिओ इंटरफेस (गिटार-माईक लॅपटॉपला जोडायची पेटी) आणि त्याच कंपनीचा एएसआयओ, म्हणजे उशीर कमी करणारा, ड्रायव्हर हवा. मॅकला वेगळा ड्रायव्हर बहुधा लागत नाही. हा गुण गॅरेजबँडचा.

आता उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास, आणि ॲपल स्वतःच सांगतं की मॅकबुक ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरा. एम१ मॅकबुक एअरला पंखा नाही, म्हणून माईकमध्ये घरघर येत नाही. पण तापलं की तेच मंदावतं. कूलर लावावा तर तो गाण्यात शिरतो. इथं रीपर सरस. त्यातल्या रीफर या इफेक्टला नुसत्या कूलरचा तुकडा ऐकवा, सब्ट्रॅक्ट (वजा करायचा) मोड लावा, ती घोंघों बरीच उतरते. गॅरेजबँडमध्ये नॉइज गेट आहे, पण तो गाणारा गप्प असतानाच आवाज बंद करतो; गाताना कूलर असतोच. तरी माझं मत, गाणं पहाटे कूलर बंद करूनच घ्या.

तयार गाण्यातला गळा, ड्रम, बेस वेगळे करणाऱ्या मशीन लर्निंगसाठी यातलं एक निवडायची गरज नाही. मेटाचं डेमक्स किंवा डीझरचं स्प्लीटर, दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, वेगळं चालवा आणि गाण्याचे सुटे झालेले भाग कुठल्याही प्रोग्रॅममध्ये ओढा. बेस बसवायला याच्याइतकं सोयीचं काही नाही. इंग्रजी रॉक गाण्यावर निकाल थक्क करणारा. अहिराणी गाणं टाकलं तर ढोलकीची चाट ‘ड्रम्स’मध्ये जाते आणि धूम ‘बेस’मध्ये! यात नवल नाही. ही मॉडेलं ज्या मसडीबी१८ या गाण्यांच्या संग्रहावर जोखली जातात, त्यात १५० गाणी, बहुतेक पाश्चात्त्य पॉप-रॉक. आपली वाद्यं त्यांनी बहुधा फारशी ऐकलेलीच नाहीत. सरावाला वापरा, तो तुकडा स्वतःच्या रेकॉर्डिंगमध्ये चिकटवू नका.

नाशिक-पुण्याच्या मिक्सिंगवाल्याकडे ट्रॅक पाठवायचे असतील तर रीपर सगळे ट्रॅक एका झटक्यात वेगळ्या फायलींत काढतं. गॅरेजबँडमध्ये एकेक ट्रॅक सोलो करून (बाकीचे गप्प ठेवून) एक्सपोर्ट करत बसावं लागतं. समोरचा ॲपलचंच लॉजिक प्रो वापरत असेल तर हा त्रास वाचतो, गॅरेजबँडची फाईल तिथं थेट उघडते.

माईक दोन्हीकडे तोच लागणार. शटरच्या गाळ्यात सराव असेल तर कंडेन्सर (लांबचे बारीक आवाजही टिपणारा) नको, डायनॅमिक (जवळचाच आवाज जास्त घेणारा) घ्या. बाहेरच्या रिक्षा कमी येतात.