जुन्या कॅमेऱ्यांची ऑनलाइन बोली: लाईट गेली म्हणून वाचलो

साइटचं नाव लिहीत नाही, उगाच नोटीस-बिटीस नको. पण जुने कॅमेरे, लेन्सा, फिल्मचे डबे असलं सामान बोलीवर विकणारी आपल्याकडची एक साइट आहे, एकदा जुना कॅमेरा सर्च केलात की जिची जाहिरात महिनाभर पाठ सोडत नाही, तिचा हा रिव्ह्यू. पाचपैकी दीड स्टार. अर्धा फोटो मोठे करून बघता येतात म्हणून, आणि एक पैसे परत आले म्हणून, तेही कसे आले ते पुढे सांगतो.

आधी मी तिकडे कशाला गेलो ते. आमचा चिपळूणला फोटो स्टुडिओ, बाबांनी टाकलेला. बाबांकडे याशिका मॅट १२४ जी होती, वरून मान खाली घालून बघायचा तो दोन लेन्सचा उभा डबा, एका रोलवर बारा चौकोनी फोटो. निम्म्या आळीची लग्नं तिच्यावर निघालीत. २००५ च्या पुरात बाबांनी ती गळ्यात अडकवून पोटमाळ्यावर नेली, वाचली. २०२१ ला २२ जुलैला वाशिष्ठी बाजारात शिरली तेव्हा पोटमाळाच पाण्यात गेला. दुकान उघडलं तर याशिका चिखलाचा गोळा झालेली, आणि हलवली की लेन्सच्या आत पाणी इकडून तिकडे जाताना दिसायचं. बाबा काही बोलले नाहीत. नळाखाली धरली, पुसली, कपाटात ठेवली, अजून गणपतीच्या साफसफाईत बाहेर काढून पुसतात. तर म्हटलं तसाच एक चालू कॅमेरा त्यांना आणून द्यावा, पंचाहत्तरीला.

आता हा कॅमेरा काही दुर्मिळ नाही बरं का. जपानमध्ये १९७० ते १९८६ एवढी वर्षं बनत होता, जगभर विकला गेला, कोकणातल्या कितीतरी स्टुडिओंत असायचा. पण साइटवर बघाल तर प्रत्येक डब्यावर 'अतिदुर्मिळ', 'कलेक्टर पीस'. एका महाभागाने तर १२४ जी ला 'गोल्ड एडिशन' म्हणून टाकलेली! अरे बाबा, ते जी म्हणजे उजेड मोजायच्या मीटरच्या आतल्या कॉन्टॅक्टना सोन्याचा मुलामा आहे एवढंच, मंगळसूत्र नाही करता येणार त्याचं. त्याच लिस्टिंगमध्ये 'मीटर परफेक्ट' असंही लिहिलेलं. ह्याचं मीटर मुळात १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचं, तो सेल कधीच बंद झालाय, हल्लीचा दीड व्होल्टचा साधा सेल टाकला तर काटा हलतो, पण बरोबर सांगतोच असं नाही. काटा हलला की ह्यांचं परफेक्ट.

एकदम मोठ्या रकमेत उडी नको म्हणून आधी साइट कशी चालते बघायला आग्फा क्लिक थ्री घेतला. बडोद्याला बनायचा तो, आपल्याकडे ज्यांच्या घरी कॅमेरा होता त्यातल्या कितीतरी घरांत हाच, अजून माळ्यावर शोधलात तर सापडेल. सुरुवात ४९९ ला, मला वाटलं सात-आठशेला मिळेल, बोली गेली ३,१५० वर. मी का वाढवत गेलो ते मलाही सांगता येत नाही, समोरचा शंभर वाढवतो तर आपण का नाही असं होतं, शिमग्यात सोंगापुढे नाचल्यासारखं, थांबायचं कोणी तेच कळत नाही. वर साइटची बायर फी आठ टक्के, वर कुरिअर. आला तो चपलांच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि लेन्सवर बुरशीची अशी छान जाळी की त्यात कोळी राहायला आला तरी चालेल. लिस्टिंगमध्ये लिहिलेलं, 'थोडी धूळ'. आता आम्ही कोकणातली माणसं, चार महिने पावसात राहतो, आम्हाला बुरशी आणि धूळ ह्यातला फरक शिकवता होय? धूळ ब्लोअरने उडते. बुरशी काचेवरचं कोटिंग खाते, साफ केली तरी खालचा डाग राहतो. तक्रार केली, टॉर्च मागून मारून काढलेले फोटो पाठवले, तेवीस दिवसांनी पैसे आले, कुरिअर आणि फी कापून. हाच तो एक स्टार.

ह्यावर शहाणा होऊन थांबायला पाहिजे होतं. पण पुढच्याच आठवड्यात याशिका लागली, आणि फोटो इतके स्वच्छ की मीच हरखलो. सुरुवात ९९९. संपणार रविवारी रात्री दहा वाजता. मी आधी चार ठिकाणी विचारलं होतं, ओळखीच्या मेकॅनिककडे चौकशी केली होती, चालू स्थितीतल्याला पंधरा ते अठरा हजार ठीक आहे असं सगळ्यांचं मत पडलं. म्हणून शनिवारीच मी माझी कमाल रक्कम १८,५०० टाकून ठेवली. पद्धत अशी असते की ही रक्कम कोणाला दिसत नाही, सिस्टीम तुमच्या वतीने गरजेपुरतंच वाढवत जाते, दुसऱ्याने अकरा म्हटलं तर तुमचं अकरा-दोनशे. कागदावर एकदम छान.

रविवारी नऊपर्यंत बोली ११,२०० ला होती, माझ्या नावावर. पाऊस धो धो. नऊ-चाळीसला कोणीतरी धाडकन मोठी रक्कम टाकली आणि बोली माझ्या १८,५०० च्या वर गेली. म्हटलं गेला कॅमेरा. तीन मिनिटांत ती बोली रद्द! कारण काय लिहिलेलं, 'चुकून एक शून्य जास्त पडलं'. भाव परत ११,२०० वर, परत मी पुढे. मी खूश, बायकोला म्हटलं बघ, देव आहे. मग नऊ-पन्नासला दुसरंच कोणीतरी आलं, नावाच्या जागी दोन अक्षरं आणि मध्ये फुल्या, खरेदीचा फीडबॅक शून्य, आणि त्याने सुरुवात केली. तेरा. पंधरा. सोळा-पाचशे. साडेसतरा. अठरा-तीनशे. तिथे तो थांबला. माझ्या मर्यादेच्या दोनशे अलीकडे. मला तेव्हा काही खटकलं नाही, मी नुसता घामाघूम. नऊ-सत्तावन्नला त्याने १८,७५० केले. स्क्रीनवर लाल पट्टी, 'तुम्ही मागे पडलात, आत्ताच वाढवा!', खाली तयार बटणं, १९,००० / २०,००० / २२,०००. मी २२ च्या बटणावर बोट नेलं, खोटं कशाला सांगू.

आणि लाईट गेली. राऊटर बंद, मोबाईलला रेंज पावसात असते तेवढीच, म्हणजे नाही. मी अंधारात शिव्या देतोय, बाबा खाटेवरून विचारतात, "काय झालं रे?" म्हटलं काही नाही, एक गोष्ट हातची गेली. "मग झोप आता," म्हणाले.

मंगळवारी मेसेज. 'अभिनंदन! विजेत्याने माघार घेतल्याने ही वस्तू तुम्हाला तुमच्या कमाल बोलीला, १८,५०० ला देण्यात येत आहे. २४ तासांत स्वीकारा.' तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. विजेत्याने माघार घेतली ना, मग त्याच्या बोल्या वजा करा! तो मधे नसता तर मी ११,२०० लाच जिंकत होतो. त्याच्यामुळे वाढलेला भाव मात्र माझ्या गळ्यात, आणि तो स्वतः गायब.

मग बसलो आणि बोलीचा इतिहास उघडला, हे आधी करायला हवं होतं. तो फुल्यावाला आणि शून्य चुकलेला, दोघांची खाती त्याच महिन्यातली. त्याच विक्रेत्याच्या मागच्या सहा बोल्या बघितल्या तर पाचांत हे दोघे किंवा दोघांतला एक, दुसऱ्या कुठल्याही विक्रेत्याकडे ह्यांची एक बोली नाही. आणि जिंकलेले किती? माझं धरून दोन, दोन्ही वस्तू पुढच्या आठवड्यात पुन्हा लिस्टला. शून्य चुकायचं गौडबंगालही तेव्हाच कळलं. एकाने अवाच्या सवा बोली टाकून माझी झाकलेली रक्कम उघडी पाडायची, रद्द करायची, मग दुसऱ्याने बरोबर त्या रकमेच्या उंबऱ्यापर्यंत मला चढवत न्यायचं. तिथे थांबले असते तर मी १८,५०० आनंदाने दिले असते आणि आज कदाचित पाच स्टारचा रिव्ह्यू लिहीत असतो. हाव सुटली म्हणून पकडले गेले.

ही चाल काही ह्यांनी शोधलेली नाही. इंटरनेटवरचे लिलाव सुरू झाले तेव्हापासून आहे. २००० साली ई-बेवर एक चित्र असंच १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेलं होतं, विकणाऱ्याने स्वतःच बोली लावल्याचं निघाल्यावर सौदा रद्द झाला आणि पुढे प्रकरण कोर्टात गेलं. आपल्याकडे ई-बे इंडिया होतं तोवर निदान बरं होतं म्हणायचो आम्ही, ते २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं आणि मग ही असली दुकानं उगवली.

मला राग फसवणुकीचा आहेच, पण त्याहून जास्त त्या फुल्यांचा आहे. माझा मेव्हणा दापोलीचा, त्याच्याबरोबर हर्णैला संध्याकाळच्या लिलावाला कितीदा गेलोय. होड्या लागतात, बैलगाडीतून मासळी किनाऱ्यावर येते, वाळूत ढीग पडतो, भोवती गोल करून सगळे उभे आणि बोली सुरू. तिथेही लबाडी असते, नाही असं नाही, पण बोली कोण लावतंय ते सगळ्या गोलाला दिसतं. समजा कोणी आपलाच भाचा उभा करून पापलेटचा भाव चढवायला गेला तर समोरची बाई तिथल्या तिथे विचारेल, "काय रे, तू कधीपासून मासळी घेतोस?" आणि पुढचं जे बोलेल ते इथे छापता येणार नाही. हापूसचा सौदा म्हणाल तर वाशीच्या मार्केटात जुनी रीत रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची, म्हणजे भाव झाकलेला, पण माणूस समोर. इथे भाव उघडा आणि माणूस झाकलेला. प्रायव्हसी म्हणे. बोली लावणाऱ्याचं नाव झाकायला माझी हरकत नाही, पण एकाच विक्रेत्याकडे बोली लावणारं शून्य फीडबॅकचं खातं साइटच्या कॉम्प्युटरला दिसत नाही हे मला कोणी पटवू नये, मला स्टुडिओत बसून अर्ध्या तासात दिसलं.

बरं, साइटची फी विकलेल्या किमतीवर टक्क्यांत. भाव फुगला की त्यांचीही फी फुगते. कुंपणाला शेत गोड लागतंय तर ते कशाला ओरडेल?

तक्रार केली. नऊ स्क्रीनशॉट जोडले. उत्तर आलं, 'आमच्या टीमने तपासणी केली असून नियमबाह्य काही आढळले नाही. पुढील बोलीसाठी शुभेच्छा.' फोन लावला तर एक मुलगी, गोड बोलत होती बिचारी, म्हणाली, "सर, बोली रद्द करायचा ऑप्शन सगळ्यांनाच आहे." म्हटलं ताई, तेच तर सांगतोय.

किमतींबद्दल अजून थोडं. २०२२ च्या जूनमध्ये जर्मनीत वेट्झलारला एक लायका कॅमेरा, झीरो सिरीजचा, म्हणजे विक्रीआधी चाचणीसाठी बनवलेल्या खेपेतला, १०५ नंबरचा, खुद्द ऑस्कर बार्नाकने वापरलेला, फीसकट १ कोटी ४४ लाख युरोला गेला. म्हणजे आपले तेव्हाचे शे-सव्वाशे कोटी. तो कॅमेरा ज्याने लायका बनवला त्याचा स्वतःचा होता हो! पण ती बातमी फिरल्यापासून माळ्यावर गंजलेला झेनिट, तो साधा रशियन कॅमेरा, असलेला माणूससुद्धा पन्नास हजारांपासून सुरुवात करतो. आणि लायकाचंच म्हणाल तर ह्या साइटवर सोनेरी पत्र्याचा, गरुडाचं चिन्ह कोरलेला 'जर्मन आर्मी लायका' दर पंधरा दिवसांनी येतो, मी बघितला तेव्हा ८५,००० वर होता. असले बरेचसे कॅमेरे मुळात सोव्हिएत फेड नाहीतर झोर्की, जे जुन्या लायकावरूनच बेतलेले, वरून पत्रा आणि नाव बदललेलं. लेन्स काढलेला फोटो मागा. आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरची, म्हणजे अंतर जुळवायच्या यंत्राची, एक दांडी असते, खऱ्या लायकात तिच्या टोकाला छोटं गोल चाक असतं, फेड-झोर्कीत चपटं पाचरीसारखं टोक. मी हा फोटो मागितला तर विक्रेत्याने मला ब्लॉक केलं. उत्तर मिळालं.

याशिकाचं काय झालं विचाराल तर मी ती २४ तासांची ऑफर जाऊ दिली. देवरुखला बाबांच्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांनीही स्टुडिओ बंद केलाय, त्यांना फोन केला. म्हणाले, "आहे की, पण विकायचा नव्हता." चहा झाला, गप्पा झाल्या, ९,००० म्हणाले, मी दहा दिले. घरी आणून काही न सांगता बाबांच्या हातात ठेवली. आधी त्यांनी वरचं झाकणाचं हुड उघडलं नाही की काच बघितली नाही, शटर एक सेकंदावर ठेवलं, कानाशी धरलं आणि दाबलं. आतली चाकं करकर फिरत राहिली, अडखळली, मग बंद झालं. "दीड सेकंद घेतोय," म्हणाले, "तेल सुकलंय. पाचशेवर बरा असेल." पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, बरा होता. मेकॅनिकने सफाईचे २,२०० सांगितलेत, म्हणजे तरी सगळं मिळून बारा-दोनशे.

आणि ती साइटवरची स्वच्छ याशिका परत लागलीय. तोच सिरियल नंबर, हुडवर तोच ओरखडा, फक्त आता 'अतिदुर्मिळ' च्या जागी 'शेवटची संधी'. रविवारी रात्री दहाला संपतेय. आत्ता ८,४०० वर आहे, आणि पुढे कोण आहे तर दोन अक्षरं आणि मध्ये फुल्या.