हजेरीपट की घरोघरची पाहणी?

जनता वसाहतीतल्या आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाचा मुलांना खरंच उपयोग होतो का, हे तपासायला दोन वाटा होत्या.

पहिली म्हणजे हजेरीपट आणि चाचण्यांचे गुण. आकडे हाताशीच असतात, खर्च जवळजवळ नाही आणि कोण गळतंय ते महिन्याभरात दिसतं. पण जी मुलं वर्गाकडे कधी फिरकलीच नाहीत, त्यांची नावं त्यात कुठून येणार?

दुसरी वाट दारोदार जाण्याची. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून ग्रामीण भागात हेच करते: मुलाच्या घरी जाऊन त्याला दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचायला देते. आम्हीही तसंच केलं. एका घराच्या उंबऱ्यात एक मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं बोट ठेवून अख्खा उतारा न अडखळता वाचला. वर्गाला का येत नाहीस, तर म्हणाली, “आई सातला येते कामावरून.” आमचा वर्ग साडेसहाला सुटायचा! आम्ही वेळ बदलली.

पाहणीला माणसं लागतात, रविवार जातात. शिवाय दोन्ही वाटांत एक गोम आहे: मुलं सुधारली ती वर्गामुळे की वाढत्या वयामुळे, हे कळत नाही. जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावा आणि नंबर न लागलेल्या मुलांशी तुलना करावी.

माझं मत पाहणीच्या बाजूनं, निदान वर्षातून एकदा. आणि सरासरीवर थांबू नये, मुलींचे आकडे वेगळे काढावेतच.