सावित्रीबाई फुल्यांवरचा पुण्यातला हेरिटेज वॉक: नक्की जा, पण सकाळची बॅच घ्या

चार स्टार. पाचवा का कापला ते खाली लिहिते.

मी स्वतः शाळेत शिकवते, त्यामुळे ३ जानेवारीची, सावित्रीबाईंच्या जयंतीची भाषणं ऐकून ऐकून कान किटलेत. शेणाचे गोळे, पिशवीतली जादा साडी, टाळ्या, संपलं. पण बाईंनी शाळा चालवली कशी हे कुणी सांगतच नाही, आणि या वॉकची गाइड नेमकं तेच सांगते!

सुरुवात दगडूशेठ गणपतीसमोर, फुल्यांची मुलींची पहिली शाळा भरायची तो भिडेवाडा होता तिथून. वाडा डिसेंबर २०२३ मध्येच पाडलाय, तिथं राष्ट्रीय स्मारक व्हायचंय, तेव्हा जुनं लाकूडकाम बघायला मिळेल म्हणून येऊ नका. १८४८ ची शाळा नुसत्या बोलण्यातून उभी करायची म्हणजे सोपं नाही, गाइड पोरीने झकास केलं. बाईंचं नगरला सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंकडे झालेलं ट्रेनिंग, मग १८५१-५२ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात, रास्ता पेठेत, वेताळ पेठेत अशा वाढत गेलेल्या शाळा, जोडीला शिकवायला फातिमा शेख... आम्हाला आज एक तुकडी वाढवायची तर घाम फुटतो हो.

मुक्ता साळवेचा भाग सगळ्यात भारी. फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजाची मुलगी, १८५५ मध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला, आणि त्यात ती आमचा धर्म कोणता ते तरी कळू दे असं थेट देवालाच विचारते. आपण अजून 'माझा आवडता पक्षी' देतोय. शाळा कशी होती याचा यापेक्षा चांगला इन्स्पेक्शन रिपोर्ट मिळणार नाही.

तिथून चालत गंज पेठेत फुले वाड्यावर. १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केलेला हौद, जोतीरावांच्या अस्थी असलेलं तुळशी वृंदावन, सगळं निवांत बघितलं. १८९३ ला सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्ष सावित्रीबाई होत्या हे ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांना माहीतच नव्हतं.

आता कापलेला स्टार. संध्याकाळची बॅच, शिवाजी रोडचे हॉर्न आणि गाइडकडे माइक नाही, मागच्यांना निम्मं ऐकूच येत नव्हतं. शेवटी घाई पण झाली, १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृह (गरोदर विधवांना सुरक्षित बाळंत होता यावं म्हणून काढलेलं) एका वाक्यात उरकलं, त्यावर खरं तर वेगळा वॉक होईल.

नववीच्या मुलींना न्यायचंय, ग्रुप डिस्काउंटचं विचारलंय, अजून रिप्लाय नाही.